खोली किरायाने देणे आहे

आमचे राळेगाव हे तालुक्याचे गाव. तहसील, पंचायत समिती, कोर्ट, बँका, ग्रामीण रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि कापसाच्या हंगामात धडधडणाऱ्या जिनिंगा. अशा गावात बाहेरची माणसे येतच राहतात. कुणाची बदली झालेली असते, कुणाला पहिली नेमणूक मिळालेली असते, कुणाला शिकायचे असते. या सर्वांना पहिल्याच दिवशी हवे असते ते डोक्यावर छप्पर. म्हणूनच गल्लोगल्ली 'खोली किरायाने देणे आहे' अशी पाटी दिसते. पाटी वाचून माणूस दार वाजवतो. आतून पाण्याचा गिलास येतो आणि मागोमाग प्रश्न येतो, "आडनाव काय म्हणालात?"

हा प्रश्न आम्ही उभयतांनी दाराबाहेर उभे राहून ऐकला आहे. आज आम्ही दाराच्या आत आहोत. आमच्याही घरी एक खोली आहे आणि ती आम्ही गेली काही वर्षे किरायाने देत आलो आहोत. समाजातल्या पुष्कळ कुटुंबांची आज हीच स्थिती आहे. आईवडील एका खोलीसाठी वणवण फिरले, मुलांनी घर बांधले, नातवंडे नोकरीला पुण्याला गेली आणि घरातली एक खोली रिकामी झाली. ती कुणाला द्यावी आणि देताना काय विचारावे, याविषयी आमच्या कुटुंबाचा अनुभव वाचकांपुढे ठेवावा असे वाटले.

आमच्यापैकी एकाला १९८८ साली शिक्षकाची नोकरी लागली. गाव जिल्ह्यातलेच, पण अनोळखी. लग्नाला जेमतेम वर्ष झाले होते. एक पेटी, एक वळकटी आणि स्टोव्ह घेऊन आम्ही गावात उतरलो आणि खोली शोधू लागलो. पहिल्या घरी खूप आदर झाला. "गुरुजी, गुरुजी" म्हणत त्यांनी खोली दाखवली, किरायाही ठरला. मग आडनाव विचारले गेले, मग मूळ गाव, मग गावात घर कोणत्या बाजूला आहे ते. शेवटी घरमालक म्हणाले, "आमच्या म्हातारीला विचारून सांगतो." ती म्हातारी आम्हाला कधीच दिसली नाही. दुसऱ्या घरी म्हातारी नव्हती, तेथे "भावाला विचारतो" असे झाले. अशी सहा घरे झाली. कुणीही आम्हाला 'नाही' म्हटले नाही आणि कुणीही खोली दिली नाही.

सातव्या ठिकाणी एका मुस्लिम शिंप्याच्या विधवेने मागची खोली उघडून दिली. महिना साठ रुपये. त्या बाईने दोनच गोष्टी सांगितल्या. किराया पाच तारखेच्या आत द्यायचा आणि विहिरीचे पाणी सांभाळून वापरायचे, कारण उन्हाळ्यात विहीर आटते. आम्ही तेथे चार वर्षे राहिलो. आमचा मुलगा त्याच खोलीत रांगायला शिकला.

आमचे दुःख काही जगावेगळे नव्हते. बाबासाहेबांच्या बडोद्याची हकिकत समाजात घरोघरी सांगितली जाते, पण किरायाच्या दृष्टीने ती पुन्हा एकदा वाचण्यासारखी आहे. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब कराराप्रमाणे बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नावाने नोंद करून, दीड रुपया रोज देऊन ते वरच्या मजल्यावर राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्यावरून वर आले आणि त्यांना जागा सोडावी लागली. मग त्यांनी दोन मित्रांचे दार ठोठावले. हिंदू मित्र म्हणाला की तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने पत्नीला विचारून सांगतो म्हटले. म्हणजे 'विचारून सांगतो' हे उत्तर १९१७ सालीही होतेच! मुंबईची गाडी रात्री होती. तोपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठी बागेत बसून काढला. हे सारे त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात लिहून ठेवले आहे.

त्यानंतर चार वर्षांनी, १९२१-२२ मध्ये, तेच बाबासाहेब लंडनला शिकत असताना किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात राहत होते. ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तेथे स्मारकाचे उद्घाटन झाले. आज जगभरातून माणसे ते पाहायला जातात. त्या घराचा मालक कोण होता हे कुणी विचारत नाही. तेथे शिकायला राहिलेल्या एका विद्यार्थ्यामुळे ते घर मोठे झाले. आपल्या दारात आलेला मुलगा किंवा मुलगी पुढे कोण होणार आहे, हे कोणत्या घरमालकाला ठाऊक असते?

आता आमच्या खोलीविषयी. २००६ साली आम्ही कर्ज काढून लेआउटमध्ये घर बांधले. मुलाच्या अभ्यासासाठी एक खोली स्वतंत्र दाराची ठेवली. २०१६ साली मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला. मुलीचे शिक्षण नागपूरला चालू होते, घराचे हप्ते संपले नव्हते. तेव्हा खोली किरायाने द्यायचे ठरवले. महिना दीड हजार रुपये, वीज वेगळ्या मीटरप्रमाणे.

खोली पाहायला लोक आले. हवा खेळती, न्हाणी-संडास स्वतंत्र, बसस्टँड चालत जाण्याइतके जवळ. खोली सर्वांना पसंत पडायची. मग आम्ही त्यांना समोरच्या खोलीत बसवून चहा द्यायचो. चहा पिता पिता पाहुण्याची नजर समोरच्या भिंतीवर जायची. तेथे तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो आहे. पुष्कळदा कप अर्धाच राहायचा. "घरी विचारून सांगतो" म्हणून गेलेली माणसे परत येत नसत. पूर्वी घरमालक आम्हाला विचारून सांगणार होते, आता किरायेदार विचारून सांगू लागले.

असे चार महिने गेले. म्हणजे सहा हजार रुपये गेले आणि तेवढ्यासाठी मुलीच्या मेसचे पैसे पुढे-मागे होऊ लागले. तेव्हा एका हितचिंतकाने सल्ला दिला. गृहस्थ आपल्यातलेच, मनाने चांगले. ते म्हणाले, "भाऊ, फोटो आतल्या खोलीत लावा ना. काढून टाका असं कोण म्हणतंय? श्रद्धा मनात असते. एकदा किरायेदार येऊन राहिला, त्याला तुमचा स्वभाव कळला, की मग काही वाटत नाही त्याला."

सल्ला हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. हप्त्याची तारीख कुणासाठी थांबत नाही. त्या रात्री जेवणे झाल्यावर आम्ही दोघे बराच वेळ बोलत बसलो. फोटो आतल्या खोलीत गेला तर पुढे काय, हे आम्ही एकेक करून मोजले. चौदा एप्रिल येईल, बुद्धपौर्णिमा येईल, धम्मचक्र प्रवर्तन दिन येईल, सहा डिसेंबर येईल. पाहुणे फाटकातूनच मोठ्याने 'जयभीम' करतील. पत्रिका येतील, त्यावर विहाराचे नाव असेल. हे सारे आम्ही कुठे कुठे लपवणार? बाबासाहेबांना पारशी नाव घ्यावे लागले, कारण बडोद्यात दुसरी जागाच नव्हती. आम्ही तर आमच्या स्वतःच्या घरात बसलो होतो. आपल्याच घरात पाहुण्यासारखे राहायचे आणि त्याचे महिन्याला दीड हजार घ्यायचे, तर मग किराया तो आम्हाला देणार की आम्ही त्याला? फोटो जेथे होता तेथेच राहिला. उलट दुसऱ्या दिवशी काच पुसून, खिळा पक्का करून घेतला.

पाचव्या महिन्यात एक परिचारिका आली. माळकरी घरातली, गळ्यात तुळशीची माळ. चहा पिताना तिनेही भिंतीकडे पाहिले. आम्ही मनात म्हटले, झाले. तिने कप पूर्ण रिकामा केला आणि विचारले, "काकू, मी रात्रपाळीहून अवेळी आले तर फाटक कोण उघडेल?" चार महिन्यांत आम्हाला कुणी विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता. आम्ही फाटकाची दुसरी किल्ली तिच्या हातात दिली.

ती तीन वर्षे राहिली. तिला मांसमच्छीचा वास सोसत नसे, आणि आमच्याकडे सुकटीच्या चटणीशिवाय आठवडा जात नाही. हे तिने पहिल्याच आठवड्यात हसत सांगितले. आम्ही सुकट भाजायची चूल मागच्या आवारात, तिच्या खिडकीपासून लांब मांडली. तिनेही कधी नाक मुरडले नाही. बुद्धपौर्णिमेची खीर ती आमच्यासोबत खायची आणि एकादशीचा साबुदाणा आम्हाला आणून द्यायची. 'फक्त शाकाहारी कुटुंबास' असे पाटीवर लिहिणारे पुष्कळ असतात. त्यातल्या कित्येकांना ताटातले काही विचारायचे नसते, जात विचारायची असते. ज्याला खरोखर ताटाची अडचण असते तो सांगतो, आणि चूल चार हात सरकवून ती अडचण सुटते.

तिची बदली झाल्यावर जो तरुण आला तो आपल्याच समाजाचा. फोटोला वाकून नमस्कार करूनच आत आला. आम्हाला फार आनंद झाला. त्याने तीन महिन्यांचा किराया थकवला! कागद केलेला होता, दिलेल्या प्रत्येक रकमेच्या पावत्या होत्या. समाजातल्या दोन वडीलधाऱ्यांसमोर तो कागद ठेवला तेव्हा दोन महिन्यांचे पैसे मिळाले. हे सांगण्याचे कारण एवढेच की, नमस्कारावरून माणसाची सचोटी कळत नाही, जशी माळेवरून मनाची संकुचितता कळत नाही.

खरी परीक्षा २०२१ साली झाली. एक बाप आपल्या मुलीला घेऊन आला. कोलाम समाजाचा, पोडावरून आलेला. वाचकांना ठाऊकच आहे की, महाराष्ट्रातल्या अतिमागास म्हणून गणलेल्या तीन आदिम जमातींपैकी कोलाम ही एक आहे आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यात त्यांची मोठी वस्ती आहे. मुलगी आश्रमशाळेतून बारावी झालेली, पुढे बी.ए. करून पोलीस भरतीची तयारी करायची होती. दोन घरांतून ती दोघे परत आली होती.

या वेळी समोरच्या भिंतीची अडचण नव्हती. अडचण आमच्याच माणसांची होती. एकजण म्हणाले, "त्यांचं राहणीमान वेगळं. एक खोली घेईल अन् दहा पाहुणे येतील." दुसऱ्यांचे म्हणणे अधिक विचार करण्यासारखे होते. ते म्हणाले, "आपल्या पोरांना कुणी खोली देत नाही. मग आपली खोली आपल्याच पोरांसाठी राखायला नको का? बाकीच्यांनी कधी आपला विचार केला?"

या म्हणण्यात दुःख आहे आणि ते खोटे नाही. डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात केलेली पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. सारखे शिक्षण, सारखी ऐपत असलेली माणसे, फक्त नावे वेगळी. फोनवरून घर विचारले तेव्हा दलित नावाच्या शंभरांपैकी अठरांना सरळ नकार मिळाला, तेविसांना जादा अटी घातल्या गेल्या. मुस्लिम नावाच्या शंभरांपैकी एकतीस जणांना नकार मिळाला. राजधानीत ही गत, तर खेड्यापाड्याचे काय सांगावे? अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला एखाद्या वस्तीत राहण्यास मज्जाव करणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पण 'म्हातारीला विचारून सांगतो' या वाक्याला कोणते कलम लावणार?

म्हणून आपल्या मुलांची काळजी आपण करायचीच. आपला मुलगा आधी आला असता तर खोली त्याचीच होती. परंतु त्या दिवशी दारात आपला कुणी नव्हता, एक मुलगी उभी होती. आपला कुणी येईल या आशेने तिला परत पाठवायचे, तर तिला सांगायचे तरी काय? तेच ना, की विचारून सांगतो? ज्या वाक्याने आम्हाला सहा दारांतून फिरवले, ते आमच्या तोंडून निघावे हे आम्हाला पटेना. शिंप्याच्या विधवेने आम्हाला खोली दिली तेव्हा तिच्याही जातभाईंपैकी कुणी येणार असेलच की. तिने वाट पाहिली नाही. आम्ही मुलीला खोली उघडून दिली आणि किराया तिच्या बापाला झेपेल एवढा, हजार रुपये, ठरवला.

दहा पाहुणे कधी आले नाहीत. बाप तेवढा बाजाराच्या दिवशी यायचा. कधी तुरीच्या शेंगा, कधी टेंभरे, कधी चारोळी घेऊन यायचा. पण तो ओट्यावरच बसायचा. "भाऊ, आत या," म्हटले की म्हणायचा, "बरं हाय जी इथंच." पाणी दिले तर ओंजळ पुढे करायचा. आम्ही गिलास त्याच्या हातात द्यायचो, तर तो जरा घाबरल्यासारखा धरायचा. असे सहा महिने चालले. एके दिवशी पावसाची सर आली आणि मुलीनेच त्याला हाताला धरून आत आणले. तो खुर्चीच्या अगदी कडेला बसला. भिंतीकडे बोट दाखवून त्याने मुलीला त्यांच्या कोलामी बोलीत काहीतरी विचारले. तिने उत्तर दिले. त्यात आम्हाला 'बाबासाहेब' एवढा एकच शब्द कळला. त्या दिवसापासून तो ओट्यावर बसला नाही.

मुलगी बी.ए. झाली. भरतीत दोनदा थोडक्या गुणांनी राहिली, अजून प्रयत्न करीत आहे. २०२४ साली खोली सोडताना तिने भिंती स्वतः चुन्याने पोतल्या.

आता ज्यांच्याकडे खोली आहे त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. जात विचारायची नाही म्हणजे काहीच विचारायचे नाही असे नव्हे. नोकरी किंवा शिक्षण कुठे, किती दिवस राहणार, सोबत कोण, येण्याजाण्याच्या वेळा काय, हे मोकळेपणाने विचारावे. ओळखपत्राची प्रत घ्यावी आणि पोलीस ठाण्यात माहिती द्यावी. किराया, अनामत, विजेचा हिशेब, पाणी, खोली सोडण्याआधी किती दिवस सांगायचे, हे सारे कागदावर असावे. पूर्वी आपल्या विदर्भात भाड्याच्या बाबतीत १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाडचा आदेश चालत असे. त्याच्या जागी १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला. ज्या गावांना व शहरांना तो लागू आहे तेथे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेलाच असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत किरायेदाराचे म्हणणे प्रथम ग्राह्य धरले जाते. नुसत्या अकरा महिन्यांच्या स्टँपपेपरवर विसंबून राहू नये. किरायाची पावती प्रत्येक महिन्याला द्यावी. आणि किराया थकला म्हणून पाणी किंवा वीज तोडू नये, तो मार्ग कायद्याचा नाही.

किरायेदार म्हणून राहणाऱ्या आपल्या मुलामुलींनाही एक सांगणे आहे. खोली स्वच्छ ठेवा, तारखेला किराया द्या आणि आपले नाव लपवू नका. लपवलेले नाव रोज सांभाळावे लागते, आणि परक्या गावात सांभाळायला अभ्यास आणि नोकरी एवढे पुरे असते.

वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाने २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली. मोठ्या शहरांसाठी वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंतची रक्कम भोजन, निवास आणि निर्वाहासाठी ठरवली गेली. आदिवासी विद्यार्थ्यांसाठीही 'स्वयंम' नावाची अशीच योजना आहे. शासन खोलीचे पैसे देऊ शकते, खोली देऊ शकत नाही. ती तुमच्या-आमच्या घरात आहे. आज नागपूर, पुणे, मुंबईत समाजातल्या पुष्कळांचे फ्लॅट आहेत, काहींचे दोन आहेत. जूनमध्ये कॉलेज सुरू झाले की एखादा मुलगा वळकटी घेऊन तुमच्याही दारात येईल. त्याला पाणी द्या, बसायला सांगा आणि तो किती वाजता घरी येतो एवढे विचारा. म्हणजे फाटकाची किल्ली त्याला द्यायची की नाही हे ठरवता येईल.